आईचा फोटो, पाच बाय सात

आमच्या जूचंद्रच्या घरात वडीलधाऱ्यांचे फोटो एका रांगेत लागतात. आजोबा, आजी आणि आता वडील. तिन्ही फ्रेमा एका मापाच्या, बारा बाय अठरा. गेल्यावर तरी कुणी कुणापेक्षा मोठं नको, असा त्यामागे विचार असावा. जिवंतपणी हा विचार आमच्यात फारसा कुणी केल्याचं आठवत नाही.

जुनं घर पाडून नवं बांधलं, हॉलमधली भिंत फोटोंसाठी ठरली, तेव्हा आईनं वडिलांच्या शेजारी एक खिळा जास्तीचा मारून घेतला. हा कुणासाठी, असं मी विचारलं.

"मी काय बाहेर रानार?" ती म्हणाली.

आई ठणठणीत आहे. पण शेजारची एक म्हातारी गेली आणि घाईत तिच्या मुलांना फोटोच सापडेना, म्हणून त्यांनी ओळखपत्रावरचाच मोठा करून लावला. जन्मभर आळीला हसवलेली बाई भिंतीवर मात्र चोरीत पकडल्यासारखी दिसत होती. तिच्या बाराव्याहून आई परत आली. चहा झाल्यावर मला समोर बसवून म्हणाली, "मना त्या कारडावरच्या तोंडानं तुज्या बापाशेजारी नाय बसायचं. मी हसतानाच पायजे."

कुठला फोटो हवा तेही तिचं ठरलेलं होतं. माझ्या बहिणीच्या हळदीतला. आमच्याकडे लग्नात गाणी म्हणायला धवलारीण येते. त्या दिवशी तिनं गाता गाता आईला कशावरून तरी चिडवलं आणि आई मान मागे टाकून हसली. दोन्ही गालांवर हळद, आणि बाजूनं आणखी हळद घेऊन येणारा एक हात. तो हात माझाच, असं सांगणाऱ्या आतापर्यंत तीन बायका झाल्या.

फोटो मीच काढलेला. घरात मला फोटोग्राफर समजतात, कारण कॅमेऱ्याचा मोबाइल पहिल्यांदा माझ्याकडे आला. एवढीच माझी पात्रता. माझ्या फोटोंमध्ये लोकांची डोकी येतात ती योगायोगानं. हा एक फोटो मात्र जमून गेला होता. अडचण एवढीच की त्या मोबाइलचा कॅमेरा चण्याच्या डाळीएवढा आणि त्यातून निघणारा फोटोही त्याच्या ऐपतीप्रमाणे.

तो मोबाइल केव्हाच गेला. फोटो बहिणीकडे होता. ती पापडीला राहते. तिनं तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि मी तिथूनच उचलून नायगावच्या एका फोटोच्या दुकानात धाडला. बारा बाय अठरा, चांगली फ्रेम, काचेसकट. दुकानदारानं दोनदा विचारलं, एवढा मोठा करायचाय का? मला वाटलं, याला काम नको आहे. आईच्या फोटोत कसली काटकसर, असं त्याला सुनावून मी फोन ठेवला. तयार झालेली फ्रेम रिक्षातून मांडीवर धरून आणली. चांगली जड होती.

घरी येऊन कागद फाडला. दारातून बघितलं तर आई होती. दोन पावलं जवळ गेलं की नुसते पिवळे आणि तपकिरी चौकोन.

आईनं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "नव्या बाथरूमच्या लाद्या चांगल्या हायेत," ती म्हणाली.

बहिणीला कळवल्यावर तिनं फोनवर मला शहाणपण शिकवलं. ग्रुपवरून गेलेला फोटो आणखी बारीक होतो, मूळचा घ्यायला हवा होता. मग रविवारी पापडीला जाऊन तिच्या जुन्या कॉम्प्युटरमधून मूळचा काढून आणला. ग्रुपवरच्यापेक्षा तो बरा निघाला, पण किती बरा, तर वाटीच्या जागी पेला मिळावा इतकाच. हंडा काही मिळाला नव्हता.

तरी मी हार मानली नाही. अंधुक फोटो लख्ख करून देणारं एक अ‍ॅप उतरवलं. त्यानं आईला खरंच लख्ख केलं. सुरकुत्या गेल्या, भुवया कोरल्या गेल्या, पुढच्या दोन दातांमधली फट बुजली आणि ओठांना गुलाबी रंग आला. मी मोठ्या आनंदानं तिला दाखवायला गेलो.

आईनं बराच वेळ बघितलं. "बाई चांगली हाय," ती म्हणाली. "तुज्या बापाला आवडली असती. पन ही कोन?"

अ‍ॅप मी तिथल्या तिथे काढून टाकलं.

आता मात्र तिचा चेहरा पडला. संध्याकाळी ती त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत बसलेली दिसली. शेवटी कारडाचाच लागनार, असं स्वतःशीच पुटपुटली. मला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो आणि मूळच्या फोटोच्या चार मापांच्या प्रिंटा काढून आणल्या. चार बाय सहा, पाच बाय सात, आठ बाय दहा, आणि आशा सुटत नाही म्हणून पुन्हा बारा बाय अठरा. चारही कॉटवर ओळीनं मांडल्या. बारा बाय अठरात लाद्या थोड्या लहान झाल्या होत्या, इतकंच. आठ बाय दहात केसांची काळी टोपी झाली होती आणि हसू फिसकटलं होतं. पाच बाय सातात मात्र दातांमधली फट होती. बाजूच्या हातातल्या बांगड्यासुद्धा कळत होत्या.

आईनं तोच उचलला आणि म्हणाली, "ही मी." मग लगेच, हाच मोठा का होत नाही, असं विचारलं.

मी तिला तिच्याच भाषेत सांगायचं ठरवलं. फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. ठिपके जेवढे आहेत तेवढेच. अंगण मोठं केलं म्हणून ठिपके वाढत नाहीत, नुसती अंतरं पडतात आणि मोर काही दिसत नाही. आई गेली साठ वर्षं रांगोळी घालते आहे. तिनं मान डोलावली आणि थोड्या वेळानं विचारलं, "मोठ्या रांगोलीची लहान होते ना?"

होते, मी म्हणालो. तिथं काहीच अडचण नाही.

"मग त्यांचं आंगन लहान कर."

म्हणजे वडील, आजी आणि आजोबा, सगळ्यांना पाच बाय सातात आणायचं. इतके दिवस मी एका माणसाला ताणून तिघांएवढं करायला धडपडत होतो. तिघांना आखडून घ्यावं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

पण आमच्या घरात नुसतं सुचून भागत नाही. धाकटे काका आहेत. घरातल्या रीतीभातींची राखण त्यांच्याकडे असते. संध्याकाळी ते आले आणि ऐकून उभेच राहिले. पूर्वजांना लहान करायचं म्हणजे काय? लोक म्हणतील, घर मोठं बांधलं आणि बापजाद्यांना कोपऱ्यात बसवलं. असं पुष्कळ बोलले. मी नेहमीप्रमाणे दोघांचंही बरोबर आहे असा चेहरा करून बसलो.

आईनं त्यांना चहा दिला आणि शांतपणे विचारलं, "भावजी, देव्हाऱ्यातला बालकृष्ण केवढा हाय?"

काकांनी देव्हाऱ्याकडे बघितलं. आमचा बालकृष्ण अंगठ्याएवढा आहे.

"त्याला कुनी कोपऱ्यात बसवलाय म्हनतं का?"

काकांनी चहा प्यायला. मग ते कॉटपाशी गेले, पाच बाय सात हातात घेतला आणि बराच वेळ बघून म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी धवलारीण तुम्हाला काय म्हणाली होती?"

आईनं सांगितलं नाही. पण फोटोतल्यासारखीच हसली.

मग जुन्या फ्रेमा उघडून मी तिन्ही फोटोंचे फोटो काढले, या वेळी डोक्यांसकट, आणि सगळे पाच बाय सात करून आणले. एवढे लहान फोटो भिंतीवर उंच टांगले तर दिसणार नाहीत, म्हणून चारही खिळे उपटून सोफ्याशेजारी, बसल्या नजरेला येतील असे मारले. आजोबांच्या कपाळावर तीळ होता हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. घरी येणारे लोकही आता उठून जवळ जातात, वाकून बघतात.

चौथी फ्रेम तयार आहे. ती अर्थातच एवढ्यात लावायची नाही. आईनं ती कपाटात एका साडीच्या घडीत ठेवली आहे आणि जो येईल त्याला काढून दाखवते. चौथ्या खिळ्यावर ती बाजाराची पिशवी अडकवते. चांगल्या भिंतीवर, वडिलांच्या शेजारी, ते बरं दिसत नाही असं मी तिला एकदा सुचवून बघितलं.

"मंग तवर खिळा काय रिकामा ठेवू?" ती म्हणाली आणि पिशवी घेऊन भाजीला गेली.