जावयाच्या खात्यावरचं नाव

जेल रोडवरच्या मालिनीबाई गर्गे यांच्या कढईत अनारसा कधी हसला नाही. तुपात सोडल्यावर अनारसा विरघळून फुटला की तो हसला असं म्हणतात, आणि ज्या बाईचा हसतो तिला बाकीच्या बायका हसतात. मालिनीबाईंनी तशी संधी कुणाला दिलीच नाही. तांदूळ किती दिवस भिजवायचे, गूळ कोणता घ्यायचा, पीठ किती मुरू द्यायचं हे त्या कुणाला सांगत नसत. "तुमच्या अनारशाला इतकी जाळी कशी हो पडते?" असं कोणी विचारलंच तर "तुमच्यासारखीच पडते" म्हणून हसून वाटेला लावत. यजमान ढुंढिराज एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. उभ्या जिल्ह्याला वीज पुरवण्यात आयुष्य गेलेल्या या माणसानं घरात मात्र शब्दांचं कायमचं भारनियमन ठेवलं होतं. त्यामुळे घरात आवाज चाले तो मालिनीबाईंचा.

अधिक महिना, म्हणजे आपला धोंड्याचा महिना, साधारण तीन वर्षांनी येतो. त्यात सासूनं जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे असतात. सासवा उदंड आहेत, अनारसे जमणाऱ्या सासवा थोड्या आहेत, आणि मालिनीबाईंचा धंदा या दोहोंमधल्या फरकावर उभा होता. एरवी दिवाळी, लग्नातली रुखवतं एवढंच काम. पण धोंड्याचा महिना म्हणजे त्यांची सुगी.

मागच्या धोंड्याच्या वर्षी, संक्रांतीला, नवा जावई गौरांग तिळगूळ घ्यायला आला होता. एकुलत्या एका इराचं लग्न नुकतंच झालेलं. गौरांग कॉम्प्युटरमधला माणूस. सोफ्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "आई, तुमचे अनारसे जेल रोडपुरते कशाला ठेवायचे? मी वेबसाइट करून देतो." मालिनीबाईंच्या नावाचा वेबसाइटचा पत्ता घेतला, पण नोंदवला स्वतःच्या खात्यावर, मोबाइल त्याचा, ईमेल त्याचा, तीन वर्षांचे पैसेही त्यानंच भरले. मालिनीबाई धन्य झाल्या. जावई म्हणजे दहावा ग्रह हे त्या शेजारणींना सांगत असत, पण आपल्या पत्रिकेत तो उच्चीचा आहे अशी त्यांची खात्री होती. त्या वर्षी सांगलीपासून न्यू जर्सीपर्यंतच्या सासवांनी त्या पत्त्यावर ऑर्डरी टाकल्या. शहरातल्याच द्वारका चौकात इमरानचं छपाईचं आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. त्याच्याकडून त्यांनी खोकी छापून घेतली, वर तो पत्ता आणि स्कॅन करायचा चौकोन.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीत इरा माहेरी आली ती गालावर वळ घेऊन. पहिल्यांदाच घडलं असं नव्हतं, दिसलं मात्र पहिल्यांदा. इथे मालिनीबाईंचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. "जरा सांभाळून घे" असं त्या म्हणाल्या नाहीत. चार नातेवाईक ते म्हणायला आले, त्यांना चहासुद्धा न विचारता बाहेर काढलं. लेकीचा हात धरून त्या पोलीस ठाण्यात गेल्या, तक्रार लिहून होईपर्यंत बाकड्यावरून उठल्या नाहीत. गौरांगच्या घरच्यांचं म्हणणं एकच, पोरगी खोटं बोलते. इरा शांतपणे सगळ्यांना सांगत राहिली, मी खोटं बोलत नाही. प्रकरण कोर्टात गेलं, रेंगाळलं. इरा कॉलेज रोडवर एका सीएच्या ऑफिसात कामाला लागली, आणि संध्याकाळी आईच्या अनारशांची खोकी भरू लागली.

यंदाची संक्रांत झाली आणि वेबसाइट बंद पडली.

पत्ता टाकला की अनारशांऐवजी एक पांढरं पान उघडे. या नावाची मुदत संपली आहे, आणि खाली दुसऱ्याच कुणाच्या मिठाईच्या जाहिराती. मे महिन्यात धोंडा लागणार, चैत्रापासून ऑर्डरी यायच्या, आणि दुकानाला कुलूप. मालिनीबाई रिक्षा करून थेट द्वारकेला गेल्या.

इमराननं दोन मिनिटांत बघून सांगितलं, "काकू, नाव अजून गेलेलं नाही. मुदत संपलीय फक्त. ज्यांचं खातं आहे त्यांनी पैसे भरले की लगेच चालू. ओटीपीपण त्यांच्याच मोबाइलवर येणार. एक फोन लावा ना गौरांगभाईंना."

"त्याचं नाव काढायचं नाही माझ्यासमोर."

"मग दुसरं नाव घेऊन टाकू. दुपारपर्यंत साइट चालू करून देतो."

"आणि ही छापलेली खोकी? चुलीत घालू? न्यू जर्सीच्या बाईला घरी जाऊन सांगू का, बाई गं, माझं नाव बदललंय म्हणून?"

इमराननं मान खाजवली. "मग एकच राहतं. बॅकऑर्डर."

बॅकऑर्डर म्हणजे काय ते त्यानं समजावलं. मालकानं पैसे भरलेच नाहीत तर काही आठवड्यांनी नाव मोकळं सुटतं. सुटल्या क्षणी ते आपल्यासाठी पकडावं म्हणून कंपनीकडे आधीच पैसे भरून नंबर लावायचा. मिळेलच असं नाही. मधेच मालकानं पैसे भरले, तर नाव त्याचंच. म्हणजे जी कंपनी गौरांगला रोज ईमेल पाठवून नाव टिकवा म्हणत होती, तीच मालिनीबाईंकडून तो विसरावा म्हणून आगाऊ पैसे घेत होती. घरात म्हातारं आजारी असताना त्याच्या औषधाचेही पैसे घ्यावेत आणि तिरडीचेही, असला हा धंदा.

"तो कशाला भरतोय?" मालिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी पैसे भरले.

मग वाट बघणं सुरू झालं. इमरानच्या स्क्रीनवर त्या नावापुढे "प्रतीक्षेत" एवढंच दिसे. मालिनीबाई दर दोन-चार दिवसांनी दुकानात. इमरान कंपनीशी चॅटवर बोले, पलीकडून कोणी ॲलेक्स नावाचा उत्तर देई. माणूस होता की यंत्र, कोण जाणे.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, आपली अडचण आम्ही समजू शकतो."

"समजतोस तर दे ना मेल्या!"

एक दिवस आणखीच नवं निघालं. त्याच नावावर दुसऱ्याही कुणीतरी नंबर लावला होता, आणि नाव सुटलं तर आता लिलाव होणार होता. मालिनीबाई हबकल्या. जेल रोडच्या अनारशांवर जगात कोण टपलंय?

"तुमच्या अनारशांवर कोणी टपलेलं नाही, काकू," इमरान म्हणाला. "असल्या नावांवर नजर ठेवून बसलेले लोक असतात. तुम्ही नंबर लावलात म्हणून त्यांना वाटलं, हात मारण्यासारखं काहीतरी आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. इमराननं पुन्हा हळूच सुचवलं, एक फोन. मालिनीबाई पर्स उचलून चालू लागल्या. मोडेन पण वाकणार नाही, हा त्यांचा बाणा. आणि खरं सांगायचं तर त्या बाण्यात चूक काही नव्हती. ज्यानं लेकीवर हात उचलला त्याच्यापुढे आईनं हात पसरायचा नाही, हे बरोबरच होतं.

पण नुसतं ताठ राहणं त्यांना जमलं नाही. ताठ राहायचं आणि कुरकुरायचंही, असं त्यांचं चाललं होतं. सकाळी दुधाची पिशवी फोडताना सुरुवात व्हायची. "झालं, बुडालं सगळं. आयुष्यभराचं नाव पुसलं गेलं." मग ढुंढिराजांना, मग भांडीवाल्या लंकाबाईंना, फोनवर नणंदेला. "एवढं एकच होतं हो माझं." इराला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे भिंतीला बोललेलं लेकीला लागत होतं. इरा डबा भरी आणि ऑफिसला जाई. तिनं कधी तोंड उघडलं नाही, म्हणून तिला काही वाटत नसेल अशी मालिनीबाईंनी सोयीस्कर समजूत करून घेतली.

आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी वेबसाइट उघडली. लंकाबाईंच्या भाचीनं सहज मोबाइलवर बघितलं तर अनारसे दिसत होते, जाळीसकट. मालिनीबाईंनी चार वेळा उघडून बघितलं, डोळे पुसले, उरलेलं श्रीखंड वाटीवाटीनं शेजारी पाठवलं. भिशीच्या बायकांना दारातच सांगितलं, "नंबर लावून मिळवलं हो. कुणाच्या पाया पडले नाही." इरा म्हणाली, "छान झालं आई." वाटीतलं श्रीखंड तिनं तसंच ठेवलं होतं, ते मालिनीबाईंनी पाहिलं आणि आंबट लागलं असेल म्हणून सोडून दिलं.

तीन-चार दिवसांनी दुपारी इमरानचा फोन आला. "काकू, कंपनीचा मेल आलाय. आपली बॅकऑर्डर फेल झाली. मालकानं स्वतःच पैसे भरून नाव सोडवलं."

"अरे, पण साइट चालू आहे की!"

"त्यांनीच चालू केली. आणि आपले पैसे परत नाही मिळणार. खात्यावर जमा ठेवलेत, दुसऱ्या नावासाठी वापरा म्हणतात."

तेलही गेलं, तूपही गेलं. मालिनीबाईंच्या डोक्यात एकच आलं, हा डाव आहे. ऐन धोंड्यात साइट पुन्हा बंद पाडून आपल्याला नाक घासायला लावणार. इतके दिवस जो फोन केला नव्हता तो त्यांनी भांडायला म्हणून केला. चांगल्या सणसणीत शिव्या जुळवून ठेवल्या होत्या, पण तोंडातून निघालं ते "अहो गौरांगराव". जावयाला अरे-तुरे करायची जिभेला सवयच नव्हती.

"बोला काकू," तो म्हणाला. आधी आई म्हणायचा.

"आमचं नाव का अडकवून ठेवलंत?"

"अडकवलं? उलट सोडवलंय. दुप्पट दंड भरून. या आठवड्यात खातंपण तुमच्या नावावर करून देतो. ठरल्याप्रमाणे माझ्या बाजूचं सगळं होतंय." मग म्हणाला, "इरानं सांगितलं नाही का तुम्हाला?"

संध्याकाळी इरा आली तेव्हा मालिनीबाई गॅसपाशी उभ्या होत्या. कुणाच्या तरी रुखवताचे अनारसे तळायचे होते. ढुंढिराज जेवणाच्या टेबलाशी पेपर घेऊन बसलेले.

"काय ठरलं होतं तुमचं?" मालिनीबाईंनी मागे न वळता विचारलं.

इरानं पर्स ठेवली. "केलास का त्याला फोन शेवटी?"

"काय ठरलं होतं, इरा?"

"मी तक्रार मागे घ्यायची. नुसती मागे नाही. त्यानं कधी हात उचलला नव्हता, मी रागाच्या भरात खोटं लिहिलं होतं, असं लिहून द्यायचं. त्याच्या वकिलानं मजकूर दिला. मी सही केली."

मालिनीबाईंच्या हातातला झारा कढईच्या कडेला लागून वाजला. "कुणी सांगितलं होतं तुला? मी काय मरत होते त्या नावाशिवाय?"

"हो. रोज. सकाळपासून."

"तुला मी एका शब्दानं तरी बोलले का?"

"तेच तर, आई. मला सोडून सगळ्यांना बोललीस. तू त्याला फोन करणार नाही म्हणालीस ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं. पण मग गप्प राहायचंस. मला कळत नव्हतं का, की माझ्यामुळे बुडालं असं तुला वाटतंय?" इराचा आवाज चढला नव्हता. "दीड वर्ष प्रत्येकाला सांगत होते मी, खोटं बोलत नाही. आता माझ्याच सहीनं खोटारडी झाले."

मालिनीबाईंना रडू फुटलं. "नको मला ते नाव. आग लाव त्या वेबसाइटला. सांग त्याला, काही नको म्हणून."

"सांगू?" इरानं पर्समधून मोबाइल काढला. "कागद अजून वकिलाकडेच आहे. सोमवारी कोर्टात जाणार. आत्ता नाही म्हटलं तर थांबेल. तो नाव बंद करेल, खातं देणार नाही. चालेल? सांगू?"

ढुंढिराजांनी पेपर खाली ठेवला. "हो म्हण, मालिनी," ते म्हणाले. घरात त्यांनी आपणहून काही सांगितल्याला बरीच वर्षं झाली असतील.

मालिनीबाईंनी पदरानं तोंड पुसलं. दाराशी इमरानकडून आलेली नवी खोकी छतापर्यंत रचलेली होती. चारच दिवसांत इंदूर, सांगली, कुठून कुठून ऑर्डरी येऊन पडल्या होत्या, तांदळाची पोती घरात आली होती. त्यांनी इराकडे पाहिलं, मग कढईकडे पाहिलं. इरा मोबाइल हातात धरून उभी होती. ती खरंच वाट बघत होती.

"एवढा धोंड्याचा महिना होऊ दे गं," मालिनीबाई म्हणाल्या. "मग सांगू."

इरानं मोबाइल पर्समध्ये ठेवला. मग सिंकवर हात धुतले, कोरडे केले आणि रुखवताचं खोकं भरायला घेतलं.