बहाळ्याची जोड

मी जनावरांची डॉक्टर आहे. नात्यातल्या कुठल्याही लग्नात कोणीतरी विचारतंच, "म्हणजे कुत्र्यामांजरांची का गं?" मी हो म्हणून टाकते. पंगतीत बसून डांगी गुरं समजावून सांगण्यापेक्षा ते बरं पडतं.

माझा सरकारी दवाखाना घोटीच्या पुढे, डोंगराच्या कुशीत आहे. शहरातल्या इंदिरानगरहून सकाळी गाडी काढायची, महामार्ग सोडून आत वळायचं आणि रस्ता संपला की चालायचं, असं माझं गेली कित्येक वर्षं चाललंय. तिथला पाऊस चार महिने उसंत देत नाही. शहाणी म्हणवणारी परदेशी गाय तिथे आठवडाभरात खुरांनी सडेल. डांगी जनावर त्याच पावसात उभं राहून चरतं आणि संध्याकाळी अंग झटकून घरी येतं. मला त्या जनावरांचा अभिमान आहे, जरी ती माझ्या बापाने पाळलेली नसली तरी.

तीन-साडेतीन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाचं काम आमच्याकडे आलं. डांगी वासरांची दर महिन्याला मापं घ्यायची: छातीचा घेर, उंची, अंगाची लांबी. प्रत्येकाच्या कानात पिवळा बिल्ला मारायचा, आणि एकदा रक्त काढून नळी बर्फात घालून पाठवायची. काही जनावरं भराभर का वाढतात आणि काही खुजी का राहतात, याचं थोडंफार उत्तर रक्तात वाचता येतं, असं ते शास्त्र. एकाच कळपात, एकाच गवतावर वाढलेल्या दोन वासरांतला फरक कुठून येतो, हे मला कॉलेजपासून समजून घ्यायचं होतं. मी उड्या मारतच ते काम घेतलं.

डोंगरातल्या पाड्यावर एका म्हाताऱ्या जोडप्याकडे एक गोऱ्हा होता. काळ्या अंगावर पांढरे शिंतोडे. त्या रंगाला तिकडे बहाळा म्हणतात, म्हणून त्याचं नावही बहाळ्याच. पहिल्यांदा मापाची फीत लावली तेव्हा तो जेमतेम महिन्याचा होता आणि त्याने ती चघळून ठेवली. पण दर महिन्याला वही उघडली की त्याचा आकडा आधीच्या महिन्याच्या कितीतरी पुढे. मला वाटलं, फितीचा चावलेला भाग आकसला असेल. नवी फीत आणली. बहाळ्या नव्या फितीवरही तसाच.

इथे माझी चूक झाली. मी ती मोठ्याने केली.

"बाबा, अख्ख्या खोऱ्यात असा गोऱ्हा नाही," मी म्हाताऱ्याला म्हणाले. शेजारचे दोघे-तिघे उभे होते, त्यांच्यादेखत. म्हातारी पदराने बहाळ्याचं तोंड पुसत होती, तिने लगेच त्याच्या कपाळाला काजळाचं बोट लावलं. पुढच्या महिन्यात गेले तर पाड्यावरची पोरंसुद्धा सांगत होती, सरकारी फितीत बहाळ्याचा पहिला नंबर आलाय.

त्या भागात चांगल्या गोऱ्ह्याचं काय होतं, हे मला माहीत होतं. माहीत असून मी बोलले. भाताची खाचरं डोंगरउतारावर पायऱ्यांनी रचलेली, तिथे ट्रॅक्टर चढत नाही. चिखलणीला बैलच लागतात, आणि बैल करायचा तर जो सगळ्यात उंच, छातीने रुंद तोच करणार. मरतुकड्याला कोण जू घालेल? म्हणून खोऱ्यातला प्रत्येक अव्वल गोऱ्हा दोन-अडीच वर्षांचा झाला की बडवला, म्हणजे खच्ची केला जातो. उरतो तो बुटका, बारीक मानेचा, ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. तो मोकळा राहतो, रानात हिंडतो आणि पुढची सगळी वासरं त्याची होतात. यात कोणाचीच लबाडी नाही. प्रत्येक जण आपल्या घरापुरता शहाणपणाने वागतो आणि खोरं दर पिढीला थोडं थोडं खुजं होत जातं.

बहाळ्याला दोन वर्षं झाली आणि म्हाताऱ्याने विषय काढला. "ताई, आता बडवायला झाला. माझा थोरला बैल थकला, पुढल्या आवणीला टिकायचा नाय."

"बाबा, थांबा ना थोडं. याला वळू म्हणून ठेवू. रक्ताचा निकाल येऊ द्या."

"किती थांबू?"

मी महाविद्यालयात फोन केला. तपासणीची रसायनं आलेली नव्हती. पुढच्या महिन्यात केला, तर रसायनं आली होती आणि मशीन बंद होतं. मी आमच्याच वरिष्ठ कार्यालयात गेले, म्हटलं, हा गोऱ्हा विकत घ्या, वळू म्हणून सांभाळा. त्यांनी कागद काढला. वळूच्या आईच्या दुधाची नोंद लागते. बहाळ्याची आई वासरापुरतं दूध देणारी डोंगरातली गाय, आणि ती मागच्या उन्हाळ्यात सापाने मेली होती. तिच्या दुधाची नोंद एकट्या बहाळ्याकडे होती आणि त्याची सही चालणार नव्हती. हे मी तिथे बोलून दाखवलं. साहेब हसले, कागद मात्र तसाच परत दिला.

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, आपणच घेऊ. तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "घे की. पार्किंगमध्ये बांधू. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तूच बोल." मी चिडले, पण त्याच्यावर चिडून काय उपयोग होता? दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्यासारखीने वळू ठेवायचा तरी कुठे?

म्हाताऱ्याने माझ्या शब्दाखातर सहा महिने काढले. तेवढ्यात बहाळ्या वयात आला. दोनदा दावं तोडून पळाला, शेजाऱ्याच्या थकल्या बैलाला त्याने खाचरात पाडलं. भांडण पंचांपर्यंत गेलं. होळी झाल्यावर मी मापं घ्यायला गेले तर म्हातारा ओट्यावर वाटच बघत होता.

"ताई, आज बडवायचा चिमटा लावा. तुमी नाय लावला तर वरच्या पाड्याचा गडी उद्या येनार हाय. त्याला सांगून ठिवलंय."

तो गडी मला माहीत होता. जनावर पाडून, दोन लाकडांत धरून दगडाने ठेचतो. मागच्या साली त्याने बडवलेल्या एका गोऱ्ह्याच्या जखमेत पडलेले किडे मीच चार दिवस काढत होते.

मी उंबऱ्यात बसले. म्हातारीने चहा आणून दिला, तो निवत गेला. तिच्या नवऱ्याचं सगळं खरं होतं. त्याला जून उजाडायच्या आत बैल हवा होता, जखम भरायला आणि जनावर औताला लावायला वेळ हवा होता. आणि माझ्याजवळ काय होतं? एक फीत, एक वही आणि न आलेला निकाल. मी त्याला "निकाल चांगला येईल" एवढंही छातीठोकपणे म्हणू शकत नव्हते. इतकं लाचार मला नोकरीत कधी वाटलं नव्हतं. मेलेल्या जनावरापाशीसुद्धा नाही, कारण तिथे निदान काही करायचं उरलेलं नसतं.

"पाडा त्याला," मी म्हणाले.

चौघांनी दोर टाकून बहाळ्याला आडवा केला. भूल दिली, थांबले, चिमटा लावला, मनातल्या मनात आकडे मोजले, काढला, दुसऱ्या बाजूला लावला. रक्ताचा थेंब नाही. माझं काम नेहमीच सफाईदार असतं, सगळे तसं म्हणतात. बहाळ्या उठला तेव्हा थोडा पाय फाकवून उभा राहिला आणि माझा हात हुंगला. मी गाडीपर्यंत नीट चालत गेले. गाडीत बसून रडले.

निकाल पावसाळ्यात आला. इंदिरानगरच्या बाजारात मी दोडके निवडत होते आणि महाविद्यालयातल्या संशोधक मुलीचा फोन आला. आवाज आनंदाने भरून वाहत होता. "मॅडम, तुमचा तो बहाळ्या! वाढीच्या जीनमध्ये आपण जो बदल शोधत होतो ना, तो त्याच्यात दोन्ही बाजूंनी आहे, आईकडूनही आणि बापाकडूनही. तुमच्या बाकी एकाही नळीत असा नाही. त्याचं वीर्य गोळा करता येईल?"

"तो आता बैल आहे," मी म्हणाले.

"अरेरे. कोणी केला?"

"मी."

भाजीवाल्याने विचारलं, "ताई, अर्धा का पाव?" मी दोडके तिथेच ठेवून घरी आले.

परवा दिवाळीनंतर पुन्हा पाड्यावर गेले. कामाची मुदत संपत आली आहे, शेवटची मापं राहिली होती. बहाळ्या जुवाखालून नुकताच सुटला होता. बडवलेलं जनावर पुढेही काही काळ उंचीला चढतं, हे पुस्तकात आहे. डोळ्यांनी बघितलं की वेगळं वाटतं. पट्टी त्याच्या वशिंडाला टेकवायला मला टाचा उचलाव्या लागल्या. वहीत त्याच्या नावापुढचा आकडा अजूनही सगळ्यांच्या वर होता. म्हातारा नुसता फुलला होता.

"तुमची फीत खरं बोलली, ताई. एकटा दोन बैलांचं वडतो. पन थोरला गेला बघा भादव्यात. ह्याच्या जोडीला शेजाऱ्याचा बैल लावतो तर जू तिरपं पडतं. ह्याच्या मापाचा मिळंना."

म्हातारी आतून म्हणाली, "आताची वासरं खुजीच निघत्यात. काय रोग आला कळंना."

"तुमच्या वहीत समद्या खोऱ्याची मापं हायेत ना," म्हातारा म्हणाला. "ह्याला जोड बघून द्या. आज नाय मिळाला तर नाय. दोन-चार सालात निघंल एखादा, मी थांबतो. तुमी सांगितलं तवा बी थांबलो व्हतो."

मी ओट्यावर बसून वही उघडली. तिच्यात त्याच्या मापाचा कोणी नाही, हे मला पाठ होतं. बहाळ्याच्या मापाचा गोऱ्हा या खोऱ्यात झाला असता तर तो बहाळ्यापासूनच झाला असता, हेही मी त्याला सांगू शकले असते. तो माझ्या शेजारी उकिडवा बसून वाचता न येणाऱ्या पानांकडे बघत होता.

"बघते, बाबा," मी म्हणाले आणि पहिल्या पानापासून शोधायला लागले.