बाथरूममधली तंबाखू

मरणाऱ्या माणसाची शेवटची इच्छा पूर्ण करणं हे जिवंत माणसाचं सर्वांत पवित्र कर्तव्य आहे. हे ज्यांनी कोणी ठरवलं, त्यांच्या आयांनी बहुधा गंगाजल मागितलं असावं. माझ्या आईने मशेरी मागितली.

तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि सकाळी ती पूड बोटाने हिरड्यांना लावत बसायचं, एवढाच तो प्रकार. रत्नागिरीकडच्या आमच्या घरात बायकांचा दिवस मशेरीने सुरू व्हायचा. तोंडात मशेरी असलेल्या बाईशी कोणी बोलायचं नाही, कारण उत्तर मिळत नसे. दिवसभरात त्यांना तेवढीच सुट्टी होती, असं मला आता वाटतं.

वडील गेल्यावर, नव्वदीचं दशक संपता संपता, आई आमच्याकडे ओमानला, मस्कतमधल्या अल हैलला राहायला आली. बरोबर आणलेला मशेरीचा डबा तिने पुरवून पुरवून वापरला. तो संपला त्याच सुमारास तिच्या पोटातला आजार सापडला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की आता कसलंही पथ्य नको, त्यांना जे हवं असेल ते द्या. या वाक्याचा अर्थ कळायला वैद्यकीय शिक्षण लागत नाही. आईला तर तो मी न सांगताच कळला. गावाला न्या, असं ती म्हणाली नाही. प्रवास झेपणार नव्हता आणि तिथे घराला कुलूप होतं. चांगली मशेरी मिळाली तर बघ, एवढंच म्हणाली.

इब्राच्या बाजारात दुकान असलेले एक भाई आमच्याकडे येत-जात. राजापूरकडचे मुसलमान, आईच्या माहेरच्या पंचक्रोशीतले, म्हणून तिला मावशी म्हणायचे. ते गावी गेले तेव्हा येताना मशेरीची पुडी घेऊन निघाले. विमानतळावर सामान उघडलं गेलं. ही काळी पूड कशाची, याचं उत्तर भाईंना अरबीत देता येईना. दात घासायची, असं म्हटल्यावर अधिकाऱ्याने त्यांचे दात निरखून पाहिले आणि पुडी ठेवून घेतली.

"मावशी, तुमची मशेरी सरकारजमा झाली," भाई ओशाळून म्हणाले.

"त्यांना लावता येते का?" आईने विचारलं.

मग बायकोने सिगारेटी फोडून त्यातली तंबाखू भाजून पाहिली. आईने चव घेतली आणि ही अगरबत्ती कुठून आणलीस म्हणून विचारलं. तेव्हा भाईंनीच उपाय काढला. त्यांच्या एका ओमानी गिऱ्हाइकाच्या शेतात थोडी तंबाखू होती. रंगाच्या रिकाम्या डब्यात ओल्या मातीसकट रोपं घालून ते एका शुक्रवारी हजर झाले. आमच्या भाड्याच्या घरामागे जेमतेम अंगण होतं, तिथे ती लावली. हिवाळा असल्यामुळे जगली. आई खिडकीशी खाट लावून घेऊन त्यांच्यावर नजर ठेवायची. डॉक्टरांनी अंदाजाने दिलेली मुदत आणि तंबाखूचा हंगाम साधारण एकाच वेळी संपणार होते. ते आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

खालची पानं पिवळसर झाल्यावर तोडली आणि आमची अडचण सुरू झाली. कोकणात तंबाखू पिकत नाही. पान बाजारातून तयार होऊन यायचं. त्याआधी त्याचं काय करतात, हे आईला माहीत नव्हतं. पण वाळवण म्हणजे वाळवण, अशी तिची समजूत. आमसुलं, फणसाची साठं, पापड, सगळं जसं वाळवत आली, तशी पानं तिने गच्चीत चटईवर पसरायला लावली. संध्याकाळी बायको आणायला गेली तर पानं हिरवीच राहिली होती आणि हात लावताच त्यांचा भुगा झाला. भाजल्यावर त्याला जळक्या गवताचा वास आला.

"तुमच्याकडचं ऊन भाजतं रे, वाळवत नाही," आई म्हणाली. ओमानमधल्या सगळ्या गोष्टींना ती 'तुमच्याकडचं' म्हणायची, जणू देश माझ्या मालकीचा होता.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे वाचनालय गाठलं. पुस्तकात लिहिलं होतं, की पान सावलीत, दमट हवेत, अगदी सावकाश वाळलं पाहिजे. घाईने वाळलं तर ते मरतं, पण पिकत नाही. हे वाक्य मी घरी वाचून दाखवलं नाही. आमच्या घरात दमट जागा एकच होती. रोपांवर उरलेली वरची पानं तोडून, देठांतून दोरा ओवून बाथरूममध्ये टांगली आणि आम्ही त्यांच्याखाली आंघोळी करू लागलो. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस वर बघून थबकला. तंबाखूचं पान गांजासारखं मुळीच दिसत नाही, पण पोलिसांना पानांच्या आकारात रस असेलच याची खात्री नव्हती, म्हणून पुढे पाहुणे यायचे असले की बायको पानांवर ओढणी टाकायची.

पानं पिवळी झाली, कडेने तपकिरी होऊ लागली. आई रोज एक पान मागवून घ्यायची, चुरगळून हुंगायची आणि परत द्यायची. ती आता पेजेवर होती, मग नुसत्या पाण्यावर. पान पुरतं तयार होण्याची वाट बघावी की आहे ते भाजावं, यावर आमच्या नवराबायकोत कुजबुजत वाद झाला. शेवटी बायकोने त्यातल्या त्यात बरी पानं निवडून तव्यावर टाकली. घरभर ठसका उठला. आईला उशीला टेकवून बसवलं. तिने बोटावर पूड घेतली, हिरडीला लावली आणि डोळे मिटले. आम्ही नियमाप्रमाणे गप्प राहिलो.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "कच्ची आहे. राहू दे अजून थोडी."

त्याच आठवड्यात ती गेली. मस्कतमध्येच अंत्यसंस्कार केले. भाई इब्राहून दुकान बंद करून आले आणि शेवटपर्यंत थांबले.

दिवसकार्य झाल्यावर मी बाथरूममधले दोरे सोडायला गेलो, तर बायकोने हात धरला. "आई राहू दे म्हणाल्यात," ती म्हणाली. मग राहू दिले. उन्हाळा लागला, समुद्रावरची दमट हवा घरात येऊ लागली आणि पानं आपोआप गडद तपकिरी झाली, चामड्यासारखी मऊ, वासाला किंचित गोड. भाईंनी त्यातलं एक त्या ओमानी गिऱ्हाइकाला नेऊन दाखवलं. तंबाखू उत्तम झाली आहे, असं तो म्हणाला.

आमच्या घरात तंबाखू कोणी खात नाही.