सतरा नंबरची चिठ्ठी

धनराज सर. आज मी धडगावच्या कचेरीत खुर्चीवर बसतो ते त्यांच्यामुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. दहावीला नापास झालो तेव्हा सरांनी मला शहाद्याला स्वतःच्या घरी ठेवून पुन्हा परीक्षेला बसवलं. भूतखेत, भास यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. जे घडलं तेवढंच लिहितो.

माझा वर्गमित्र युसूफ, शिंप्याचा मुलगा, आता सुरतला रक्तवाहिन्यांचा सर्जन आहे. सरांच्या भिंतीवर त्याचा फोटो आहे, माझा नाही. तो आला की सर त्याच्याशी अहिराणीत हसतात-बोलतात. माझ्याशी मात्र शुद्ध मराठी, कारण लहानपणी त्यांनीच मला तशी सवय लावली... हे मला फार लागायचं.

गेल्या वर्षी युसूफनं शहाद्याजवळच्या पुरुषोत्तमनगरला रविवारी शिबिर ठेवलं. पासष्टीपुढच्या, बिडी ओढलेल्या पुरुषांच्या पोटाची सोनोग्राफी. पोटातल्या मोठ्या धमनीला फुगा आला तर दुखत नाही, पण फुटला की माणूस बहुधा जातो. सर चाळीस वर्षं बिडी ओढत होते. आठवडाभर आधी युसूफनं सतरा नंबरची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. चिठ्ठीशिवाय तपासणी नव्हती.

"सर मन्हं आयकतस नई. तू सांगशी तर येतीन. नाव तूच लिख."

सरांचं नाव लिहिलं. चिठ्ठी डब्याच्या पिशवीत टाकली आणि तिथेच राहू दिली. सरांचा जीवही यानंच वाचवायचा का? माझ्यासाठी काही उरणारच नाही? खरं सांगतो, हाच विचार होता.

सोमवारी युसूफचा फोन आला. "सरले लई उना तू. उपकार शेत तुन्हा. फुगा साडेसहा सेंटिमीटर शे, लगेच ऑपरेशन करनं पडी."

सरांना मीच शिबिराला आणलं असं तो समजत होता. मी तसंच समजू दिलं.

ऑपरेशन नीट झालं. युसूफ म्हणाला, फुटल्यावर आणलं असतं तर सुरतेपर्यंत पोचलेही नसते. वेळेत सापडला म्हणून आठव्या दिवशी घरी सोडतोय.

मी सुरतला दवाखान्यात भेटायला गेलो. सरांनी माझा हात धरला. "शनिवारी चार वाजता तू दारात उभा राहिलास, चिठ्ठी दिलीस. म्हणालास, 'सर, सकाय पोट दखाडाले चला.' इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरच्यासारखा अहिराणीत बोललास रे. म्हणून उठलो. नाहीतर कोण जातंय."

त्या शनिवारी चार वाजता मी धडगावच्या कचेरीत होतो. जादा काम होतं, सोबत नऊ जण होते.

सरांच्या फाईलला चिठ्ठी टाचलेली होती. सतरा नंबर, अक्षर माझं, 'ध'ची गाठसुद्धा माझीच. मी डब्याची पिशवी उघडली. माझी चिठ्ठी आत होती, तेलाच्या डागासकट. युसूफ शपथेवर सांगतो, सतरा नंबरची चिठ्ठी एकच काढली होती.

अनेकांना विचारलं. शेवटी सरांना पत्र पाठवलं, तेच इथे देतो —

"आदरणीय सर, शि. सा. नमस्कार. शनिवारी आला तो मी नव्हतो. मी चिठ्ठी दाबून ठेवली होती. युसूफनं तुम्हाला वाचवावं हे मला बघवत नव्हतं. माझी चिठ्ठी सोबत जोडली आहे. तो कोण होता, मला माहीत नाही. पुन्हा आला तर त्याला घरात घ्या, चहा पाजा. तुमच्याशी तो जसा बोलला, तसं बोलायला मला कधी जमलं नाही. आता मला त्याचाही हेवा वाटतो, सर. तुम्हनाच, भिका."