साडूंच्या पास झालेल्या भिंगाविरुद्ध

तक्रारदार : खाली सही करणार, वय पंचावन्न, व्यवसाय कोर्टाबाहेर टेबल टाकून अर्जलेखन, राहणार शनिवार पेठ. प्रतिवादी : तक्रारदाराचे साडू. वेळ : दर रविवारी सकाळी, सलग कित्येक महिने, आणि त्यानंतर एकदाही नाही. स्थळ : तक्रारदाराची पुढची खोली. साक्षीदार : आमच्या सौ., तसेच सदर खोलीतील फरशी, जिच्यावरील खडूच्या खुणा अद्याप कायम आहेत.

निवेदन असे, की एक वस्तू विकत न घेण्यात माझ्या साडूंइतका काळ घालवलेला दुसरा मनुष्य पुणे शहरात सापडणार नाही. आणि अशी माणसे शोधायला या शहरात फार लांब जावे लागत नाही. वस्तू म्हणजे कॅमेऱ्याचे भिंग. कॅमेरा त्यांच्याजवळ होता, त्याच्यासोबत मिळालेले अठरा-पंचावन्न मिलिमीटरचे भिंगही होते. परंतु ज्यात सबंध खोली मावेल आणि मनात आले तर एकट्याचा चेहराही जवळ ओढता येईल, असे रोजच्या वापराचे एकच उत्तम भिंग त्यांना हवे होते. सतरा-पन्नास, चोवीस-सत्तर की चोवीस-एकशेपाच, या आकड्यांवर ते उपवर मुलीच्या पत्रिका जुळवाव्यात तसे बोलत. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात ऐन अंगठीच्या वेळी त्यांनी भिंग बदलायला घेतले आणि मान वर करून जावयांना म्हणाले, "झाली घालून? काढा आणि पुन्हा घाला." जावई बिचारे नवीन होते, त्यांनी काढली.

मित्रांकडून, दुकानातून, भाड्याने, मिळेल तसे एकेक भिंग ते आणीत आणि त्याची परीक्षा माझ्या घरी घेत. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे पाय आणि खुर्चीचे पाय दर खेपेस त्याच जागी यावेत म्हणून त्यांनी फरशीवर खडूने गोल काढले, आमच्या सौ. आजही ते गोल सोडून पोछा मारतात. खुर्चीमागे दोरीवर वर्तमानपत्राचे छोट्या जाहिरातींचे पान चिमट्यांनी टांगले जाई, का, तर कोपऱ्यातली अक्षरे कोणत्या भिंगात पुसट होतात ते कळावे. सौ.नी पोहे आणले की हे गृहस्थ ओरडत, "ताई, बशी लांब! वाफ भिंगावर बसते!" माझ्या घरात, माझ्या पोह्यांना मज्जाव! मी एकदा खुर्चीत बसण्याची तयारी दाखवली, तर म्हणाले, "आपण नको. आपण बोलता, जबडा हलतो." हे सगळे स्वतःच्या घरी का करीत नाही, असे मी स्पष्टच विचारले. "आमच्याकडे उजेड पश्चिमेचा," ते म्हणाले, "आणि तुमच्याकडे अण्णा आहेत."

अण्णा म्हणजे माझे वडील. खडकीच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात त्यांची सारी नोकरी झाली. तयार माल हातात घ्यायचा, मापाला लावायचा, आणि एक शब्द बोलायचा : पास किंवा रिजेक्ट. निवृत्तीनंतर तेवढेही बोलण्याचे प्रसंग राहिले नाहीत. माझ्याशी तर ते बोलतच नाहीत. मी दिवसभराच्या कामकाजाचा वृत्तांत देतो, ते खिडकीकडे पाहतात. पण शनिवारी सकाळीच ते म्हणू लागले, "न्हाव्याला बोलाव. उद्या तपासणी आहे." रविवारी इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत ताठ बसत. फोटो काढून झाले की साडू ते कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मोठे करून त्यांच्यापुढे धरीत. अण्णा चष्मा वर सरकवून पाहत आणि म्हणत, "रिजेक्ट."

"का हो अण्णा? कोपरे तर स्वच्छ आहेत!"

"रिजेक्ट म्हणजे रिजेक्ट. कारण पार्टीला सांगत नसतात."

आणि हे महाशय आनंदाने पुढच्या रविवारी पुढचे भिंग घेऊन हजर! मी याला संगनमत मानतो.

मग एका रविवारी त्यांनी मोठ्या तोंडाचे सतरा-पन्नास आणले. अण्णांनी पडद्याकडे फार वेळ पाहिले. वर्तमानपत्राकडे नाही, चेहऱ्याकडेही नाही. हळूच म्हणाले, "पास." मी वाकून पाहिले. अण्णांचा उजवा हात गेली काही वर्षे कापतो. मांडीवर ठेवला तरी कापतो. आजवरच्या प्रत्येक फोटोत हाताच्या जागी धुरकट डाग आला होता. या फोटोत हात होता. पाचही बोटे मोजता येतील असा, स्वस्थ. साडूंनी खुलासा केला, की या भिंगातून उजेड जास्त येतो, त्यामुळे कॅमेऱ्याची झडप लवकर मिटते, हाताला हलायला सवडच मिळत नाही. अण्णा डाव्या हाताने उजवा हात झाकून बसले.

आता मुख्य तक्रार. त्याच आठवड्यात साडूंनी ते भिंग विकत घेतले, आणि तेव्हापासून आमच्या घरी पाऊल टाकलेले नाही! मी जाब विचारायला गेलो, तर भिंग डब्यात, डबा कपाटात, आणि हे सोफ्यावर. म्हणाले, "अहो, निकाल लागला. आता कोणत्या तोंडाने येऊ? पोहे खायला मी तुमचा जावई थोडाच आहे?" साडूच्या वडिलांकडे यायला कारण लागते, ही यांची समजूत! आणि इकडे दर रविवारी अण्णा दाढी करून, सदरा घालून, खडूच्या गोलात खुर्ची बसवून विचारतात, "आज कोणता माल आणलाय?" भिंग पास झाले, तपासणी संपली, असे मी मागच्या रविवारी त्यांना समजावून सांगितले. ते खिडकीकडे पाहतच म्हणाले, "पास झालेला मालही फेरतपासणीला येतो. त्याला माहीत नसेल. सांग."

तरी विनंती, की प्रतिवादींनी सदर निकाल तात्पुरता समजावा आणि पास झालेले भिंग, तसेच जमल्यास एखादे नवे, फेरतपासणीस हजर करावे. तक्रारदार जबडा बंद ठेवील. उत्तर लेखी नको. रविवारी सकाळी समक्ष येऊन द्यावे. पोहे निवल्यावरच खोलीत आणले जातील.

सही
तक्रारदार, अण्णांकरिता