बसा न, जागा आहे

मंगळवार, सकाळी साडेसहा. यवतमाळ, शाळेमागचं मैदान. हजर: गाडी शिकवणारे उस्ताद, मी आणि सिस्टरबाई. गैरहजर: कापड दुकानवाले गृहस्थ, तिसऱ्या दिवसापासून.

अशी नोंद मी रोज करत होते. शाळेच्या ऑफिसात पंचवीस वर्षं हजेरीपट सांभाळले की हात आपोआप चालतो. पुढच्या रकान्यात चुका. माझ्या नावापुढे: क्लच लवकर सोडला, इंडिकेटर विसरले, पुन्हा विसरले. सिस्टरबाईंच्या नावापुढे महिनाभर एकच चूक: गाडी थांबवली.

रस्त्याच्या कडेला कोणी उभं दिसलं की त्यांचा पाय ब्रेकवर जायचा. मग बाजूला बसलेल्या उस्तादांच्या पोटावरून वाकून, डाव्या खिडकीतून त्या विचारायच्या, "कुठी जाता? बसा न, जागा आहे."

"सिस्टर, ये क्लास की गाडी है, काळी-पिवळी नही," उस्ताद कण्हत म्हणायचे.

"मंग काय झालं? मागची सीट रिकामीच हाये न."

एकदा त्यांनी दूध आणायला निघालेल्या एका आजोबांना बसवलं आणि उस्तादांना डेअरीपर्यंत रस्ता सांगायला लावला. आजोबा उतरताना उस्तादांना म्हणाले, "बाई चांगली चालवते. तू काहून घाबरून राह्यला?"

तुमच्याही ओळखीत असं कोणी असेल. पण सिस्टरबाईंच्या थांबण्याला कारण होतं. झरी जामणीकडच्या जंगलातल्या गावांमध्ये त्यांनी तीस वर्षं नर्सची नोकरी केली. लसींचा डबा खांद्याला, आणि रस्त्यावर जे येईल त्याला हात. ट्रॅक्टर, जंगलखात्याची जीप, बैलगाडी. "एकदा त नवरदेवाच्या गाडीत गेली," त्या सांगायच्या. "नवरी मागं, मी समोर. डबा नवरदेवाच्या मांडीवर. कोणी मले नाही म्हटलं नाही वो मॅडम. आता मी थांबीन."

म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी आधी गाडी घेतली, परवान्याचं नंतर पाहिलं. त्याच गावांकडे परत जाऊन राहायचं ठरलं होतं. पुण्याच्या मुलीला हे अजिबात मान्य नव्हतं. तिने अट घातली: दिवाळीपर्यंत परवाना, नाहीतर गाडी पुण्याला आणि गाडीसोबत आईही.

परीक्षेच्या दिवशी मी पहिल्या फेरीत पास झाले. मग सिस्टरबाई. आठच्या आकड्याचं पहिलं वळण त्यांनी सुरेख घेतलं. दुसऱ्या वळणावर परीक्षा घेणारे साहेब उन्हात उभे होते. पुढे जा, असं सांगायला त्यांनी हात वर केला.

गाडी थांबली.

"साहेब, उन्हात काहून उभे? बसा न, जागा आहे."

नापास. दिवाळीला सहा आठवडे राहिले होते, आणि मिळाली तर आणखी एकच तारीख मिळणार होती.

त्या दिवशी परतताना बसस्टॉपवर माणसं उभी होती, पण सिस्टरबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. ते मला बरं वाटलं नाही. घरी येऊन मी यादी केली.

एक: रोज सकाळी मैदानाच्या कडेला मी हात वर करून उभं राहायचं, त्यांनी न थांबता पुढे जायचं. पहिल्या दिवशी सात वेळा थांबल्या. चौथ्या दिवशी पाच वेळा. "तुमाले पाहून कशी जाऊ वो?"

उस्ताद बोनेटला टेकून बघत होते. म्हणाले, "मॅडम, बाई नाही बदलणार. जागा है, इसलिए रुकती है. जागाच नको ठेवू."

दोन: महागावच्या भावाकडून सोयाबीनची पोती आणणे.

दुसऱ्या परीक्षेला सिस्टरबाई स्वतःची गाडी घेऊन आल्या. मागच्या सीटवर तीन पोती, पट्टे लावून बसवलेली. शेजारी उस्ताद. साहेबांनी पोत्यांकडे पाहिलं, उस्तादांकडे पाहिलं आणि निघा म्हणाले. गाडी निघाली. पहिलं वळण, दुसरं वळण. साहेबांचा हात वर झाला. गाडी जराशी मंदावली, सिस्टरबाई खिडकीकडे झुकल्या आणि कळवळून म्हणाल्या, "माफ करा साहेब, आज जागा नाही."

आणि पुढे गेल्या. आकडा पूर्ण. पास.

दिवाळीआधीच त्या झरीकडे राहायला गेल्या. पोती परत द्यायला आल्या तेव्हा गाडीत चार माणसं आणि एक बकरी होती, पोती डिकीत. मैदानावर आता मी आणि उस्ताद कधी भेटलो तर दोघंही आधी रस्त्याच्या कडेला पाहतो.

फोन येतो. "या न मॅडम एकदा. पण रिकाम्या गाडीनं आल्या त फाटक नाही उघडणार. रस्त्यानं कोणाले तरी घेऊन या."

गेल्या रविवारी माझी गाडी घेऊन निघाले. वेळ, पेट्रोल, मुक्काम, सगळं लिहून. मारेगावच्या पुढे एका बाईने हात केला, डोक्यावर गाठोडं. माझ्या शेजारच्या सीटवर पर्स, डबा, पाण्याची बाटली, फाइल आणि वही. हे सगळं कुठे ठेवायचं याचा विचार करेपर्यंत ती आरशात लहान झाली. पुढे जागा बघून गाडी वळवली, परत आले, तोवर ती कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसून गेली होती.

रिकामी गाडी घेऊन मी तशीच घरी आले. वहीत नोंद आहे: झरी, सिस्टरबाई. बाकी.