जन्म-मृत्यू विभागातली सून

रागिणी गावंडेबद्दल लिहायचं तर आधी तिच्या सासूबद्दल लिहावं लागतं. जठारपेठेतल्या आमच्या गल्लीत सासूला ओलांडल्याशिवाय सुनेपर्यंत पोचायचा रस्ताच नाही.

पार्वताबाई माझ्या भिंतीला भिंत लागून राहतात. पातूरकडच्या पाटील घराण्यातल्या. शेती मक्त्यानं दिली, अकोल्यात घर बांधलं, त्यालाही वीस वर्षं झाली. पण गेटला अजून फाटकच म्हणतात, आणि सकाळी फाटकाशी उभ्या राहून गल्लीकडे अशा पाहतात की वाटावं, इथं यांचीच तूर पेरलेली आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणतात काढू, या म्हणतात, "पिकू द्या." बाकी प्रकृती धडधाकट. जीभ तर त्याहून.

मुलगा कुलदीप. त्याचं बियाण्यांचं दुकान बसलं आणि तो एका दालमिलमध्ये लागला, तेव्हा रागिणीनंही नोकरी करायचं ठरवलं. त्या दिवशी पार्वताबाईंनी घातलेली अट मी माझ्या स्वयंपाकघरात ऐकली. ऐकायला गेले नव्हते. आवाजच तसा आहे.

"नोकरी करायची तं कर. पण खुर्चीवरची! पाटलाच्या सुनेनं लोकायचं हलकं काम केलं असं माह्या कानावर आलं, तं त्याच दिवशी नोकरी बंद. घर माह्या नावावर आहे, ध्यानात ठेवजो."

रागिणी परतवाड्याकडची. वडील नत्थुजी संत्र्यांचे बागाईतदार. मुलाला ट्रॅक्टरची भीती वाटायची म्हणून त्यांनी स्टेअरिंग मुलीच्या हाती दिलं. बी.ए. झाली, टायपिंग झालं, पाच ऑफिसांत अर्ज झाले. बोलावणं आलं ते घंटागाड्यांच्या ठेकेदाराकडून. त्याला बाया ड्रायव्हर पाहिजे होत्या. चाचणीला अरुंद बोळातून गाडी मागं घ्यायची होती. तिच्या आधी एकीनं नळाची तोटी नेली, दुसरीनं कोणाची तरी तुळस. रागिणीनं गाडी अशी मागं घेतली की ओट्यावर झोपलेली मांजर उठली नाही. भरल्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर बांधाकडेनं मागं घेणारीला घंटागाडीचं काय मोठं! नोकरी लागली. आणि तिला ती आवडली, हे महत्त्वाचं. "काकू, गाडीत बसली का डोक्यातलं सगयं शांत होते," असं ती मला पुढं एकदा म्हणाली. मला पोथी वाचताना होतं तसंच असावं.

पण घरी काय सांगायचं? कुलदीपनं डोकं चालवलं. "महापालिकेत जन्म-मृत्यू विभागात लागली म्हणू. आई तिथं कधीच जाणार नाही. जन्म होऊन गेला, अन् मृत्यूचं तं ते नावच घेऊ देत नाही."

पार्वताबाईंनी पेढे वाटले. समोरच्या इंदूबाईंची सून घरी ब्लाउज शिवते, म्हणून त्यांना मुद्दाम दोन पेढे दिले.

"खुर्चीवर आहे बरं माही सून. तिची सही झाल्याबिगर अकोल्यात कोणी मरू शकत नाही."

दीड वर्ष सुरळीत गेलं. रागिणीची गाडी डाबकी रोडला, सासू जठारपेठेत. मग गुढीपाडव्यानंतर ठेकेदारानं रस्ते बदलले आणि तिला नेमकी आमची गल्ली दिली. तिनं मुकादमाला विनवलं, मुकादम मुजम्मिल म्हणाला, "बाई, सबको अपनी गल्ली नको असते. मी काय करू?"

तिला तारलं ते अकोल्याच्या उन्हानं. मार्च लागला की इथली प्रत्येक बाई घराबाहेर पडताना डोक्याला-तोंडाला स्कार्फ असा गुंडाळते की डोळे तेवढे उरतात, आणि डोळ्यांवर गॉगल चढवते. उन्हाळ्यात आमच्याकडे नवरासुद्धा बायकोला चपलेवरून ओळखतो. रागिणी पहाटे नीट साडी नेसून, खांद्याला पर्स लावून, सकाळपाळी आहे असं सांगून ऑफिसला निघायची आणि सात वाजता स्कार्फ, गॉगल, नारिंगी जाकीट अशी आपल्याच दारावरून गाडी घेऊन जायची.

मला कळलं ते निर्माल्यामुळे. मी निर्माल्य कचऱ्यात देत नाही, वेगळ्या पिशवीत देते. खरं लिहायचं तर पिशवी गाडीवाल्याच्या हातातही देत नसे. भिंतीवर ठेवायची, त्यानं उचलायची, मी आत येऊन हात धुवायचे. देवाची फुलं नेणाऱ्याचा मला विटाळ कसा होत होता, हे देवानं कधी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. त्या दिवशी मात्र नवी गाडीवाली खाली उतरली, चपला काढल्या, पिशवी दोन्ही हातांनी उचलली आणि पुढं स्वतःच्या सीटजवळ ठेवली. मी त्या चपलांकडे पाहिलं. डावी अंगठ्यापाशी लाल दोऱ्यानं शिवलेली. ती शिवायला चौकात मीच सोबत गेले होते.

"रागिणी?"

गॉगल खाली आला. "काकू, तुमाले देवाची शपथ आहे!"

शपथ घातल्यावर माझा इलाज संपला. मी खोटं काही बोलले नाही. कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. एवढं संध्याकाळी दिव्यापुढं कबूल करून टाकलं, वहीत लिहिलं आणि ते पान दुमडून ठेवलं.

खरी मजा पुढं होती. पार्वताबाईंना गाडीवालीशी बोलल्याशिवाय राहवेना आणि गाडीवालीला सासूपुढं बोलता येईना. आवाज ओळखू येऊ नये म्हणून ती आपल्या घरापुढं आली की स्वच्छतेचं गाणं मोठं करायची आणि हातानं खुणा करायची: ओला इकडे, सुका तिकडे.

"काय वं बाई, मुकी आहेस का?" पार्वताबाई टोपलं कमरेवर घेऊन ओरडायच्या. "खाली उतर अन् टोपलं घे! म्हतारीनं कावून चढवावं?"

शेजारणीचं निर्माल्य उतरून घेतलं आणि आपलं टोपलं घेतलं नाही, हे त्यांना बरोबर दिसायचं. त्या बाबतीत मोतीबिंदू आड येत नसे. आणि रागिणी तरी कशी उतरणार? हातातल्या बांगड्या सासूनंच भरलेल्या.

रात्री जेवताना सासू सुनेला सुनेचीच चहाडी सांगायची. मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं.

"गॉगल लावून बसते, जशी कलेक्टरीण! तुमच्या ऑफिसात कोणी मोठे सायेब असतीन तं सांगून पाय, तिले काढून टाका म्हणा."

"असंल तिले काही अडचण, आई."

"तू लय भोळी आहेस. अशा बाया तुले माहीत नाहीत."

"भाजी वाढू?"

मे महिन्यात पार्वताबाईंनी रागिणीलाच कागद घेऊन बसवलं असतं, पण ती थकून झोपली होती. म्हणून इंदूबाईंच्या सुनेकडून तक्रार लिहून घेतली. बाई घमेंडी आहे, बोलत नाही, वयाचा मान ठेवत नाही, टोपल्याला हात लावत नाही. खाली अंगठा नाही, सही. तक्रार मुकादमाकडे गेली. नियमाप्रमाणं ड्रायव्हरनं तक्रारदाराच्या दारी जाऊन माफी मागायची होती, आणि मुजम्मिलला सासू-सून हे नातं ठाऊक नव्हतं. रागिणीनं खूप टाळलं. सांगितलं असतं तर तो हसला असता आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्यांवर तीच गोष्ट झाली असती. शेवटी तो तिला घेऊनच आला.

सकाळची वेळ. सगळी गल्ली टोपली घेऊन बाहेर. मी दारात उभी राहून मनातल्या मनात जप सुरू केला.

"आजी, तक्रार तुमची का?"

"माहीच. हेच थे!"

"काम की एकदम पक्की आहे बाई. पण तुमची तक्रार लेखी पडली ना. माफी मांगायले आणली."

"मंग पयले तोंडावरचं फडकं काढ म्हणा. माफी तोंडानं मागतेत, गॉगलनं नाही."

रागिणीनं गॉगल काढला. स्कार्फचे वेढे सुटायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी समजलं. शेवटचा वेढा सुटला आणि सगळ्या गल्लीनं ओळखलं. फक्त पार्वताबाई डोळे बारीक करून दोन पावलं पुढं आल्या, अगदी नाकाजवळ नाक नेलं.

"कोणाची वं तू? वयखीची दिसून राहिली."

"आई, मीच."

"अवं माय!" इंदूबाईंच्या हातातलं टोपलं खाली टेकलं. "हे तं जन्म-मृत्यूवाली!"

पार्वताबाईंनी तरी सावरून पाहिलं. मुजम्मिलकडे वळून म्हणाल्या, "ऑफिसनं पाहणीले पाठवली असंल."

"नाही आजी. दीड साल झालं, गाडीवरच आहे. एक नंबर ड्रायव्हर! तुमची कोण लागते?"

पार्वताबाई आत गेल्या आणि दार लावून घेतलं. टोपलं बाहेरच राहिलं. रागिणीनं ते उचललं, ओला-सुका हातानं वेगळा केला, गाडीत टाकला, टोपलं फाटकाशी उपडं घातलं आणि गाडी पुढं नेली. पुढच्या गल्ल्या राहिल्या होत्या.

संध्याकाळी भिंतीपलीकडे निकाल लागला. "उद्यापासून घरी!"

"काम मी सोडत नाही, आई. घर सोड म्हणत असान तं तेही सांगून द्या."

एवढं बोलायला रागिणीला दीड वर्ष लागलं. पण मला नवल वाटलं ते कुलदीपचं. आईपुढं ज्याचा आवाज लग्नातसुद्धा निघाला नव्हता तो म्हणाला, "मंग मीबी जाईन तिच्यासंगं." आणि थोड्या वेळानं, हळूच, "जेवण झाल्यावर."

जेवण झालं. कोणी गेलं नाही. पार्वताबाईंना लेकाशिवाय दोन दिवस निघत नाहीत, हे त्या सोडून सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑटो केला आणि स्वतः मुजम्मिलकडे गेल्या. काम सोडायची गोष्ट त्यांनी काढली नाही. एवढंच म्हणाल्या, "करू दे तिले काय करायचं थे. पण माह्या गल्लीत नको. दुसऱ्यायच्या गल्लीत कोणी पाहत नाही."

रागिणीची गाडी पुन्हा डाबकी रोडला गेली. आमच्याकडे नवा ड्रायव्हर आला. हा पठ्ठ्या थांबायचाच नाही. गाणं ऐकू येऊन दार उघडेपर्यंत गाडी कोपऱ्यावर. पार्वताबाई टोपलं घेऊन मागं धावल्या. एक चप्पल आमच्या दारात राहिली, दुसरी इंदूबाईंच्या. दिवस आंब्यांचे. घरोघरी रसाच्या कोया आणि सालं साचली, माश्या झाल्या, उन्हात वास असा सुटला की मी देवघरात दोन वेळा धूप घालू लागले. आठव्या दिवशी, ज्यांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं होतं त्याच बाया पार्वताबाईंच्या फाटकाशी जमल्या.

"तुमच्या इज्जतीपायी आमच्या कोया सडून राहिल्या, पार्वताबाई," इंदूबाई म्हणाल्या. "आणा बापा तुमची सून वापस!"

"तुमीच तं हासत होत्या!"

"हासलो. आता वास येऊन राहिला."

दुपारी पार्वताबाई माझ्याकडे आल्या. मुकादमाला लेखी अर्ज पाहिजे होता, आणि इंदूबाईंच्या सुनेकडून पुन्हा लिहून घ्यायची त्यांना लाज वाटत होती. मी वहीतच कच्चं लिहायला घेतलं. त्या सांगत गेल्या: आमच्या गल्लीत गाडी नीट थांबत नाही, तरी पहिलेचीच गाडी द्यावी, त्यावरच्या सौ. रागिणी कुलदीप गावंडे... इथं थांबल्या.

"पुढं काय लिहू?" मी विचारलं. "ड्रायव्हर?"

त्यांनी पदर सावरला आणि गुडघ्यावर हात टेकला. मी पेन धरून तशीच. माझ्या मनात आलं, आता या उठून जातील.

"लिव्हा," त्या म्हणाल्या. "पण त्याच्या पयले 'पाटील घराण्यातल्या' लिव्हा."

मी लिहिलं. अर्ज मंजूर झाला. रागिणी परत आली ती तोंड उघडं ठेवून. स्कार्फ आता गल्लीचं वळण गेल्यावर बांधते. मी निर्माल्य तिच्या हातात देते. हात धुवायला आत वळायची सवय मोडायला मला पंधरा दिवस लागले, हेही लिहून ठेवते. पार्वताबाई ओला-सुका वेगळा करतात, पण खाली उतरून टोपलं घे, हे अजून सोडलं नाही. आता रागिणी उतरते. "आमचा कचरा आमच्या माणसानं नेला, याच्यात काही नाही," असं त्यांचं म्हणणं. "लोकायचा नेते, तेवढंच खटकते."

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. जेवणाला पातूरहून त्यांचे भाऊ खुशालराव आले. मोठं बोलणं, पांढरी टोपी. आंबील ओरपता ओरपता त्यांनी सगळ्या पंगतीसमोर विचारलं, "अवं पार्वता, सून त्या जन्म-मृत्यूतच आहे ना अजून? माह्या नातवाचा दाखला काढाचा आहे."

रागिणी पुरणपोळी वाढत होती. इंदूबाईंचा घास थांबला. माझं तर काही विचारूच नका.

"नाही," पार्वताबाई म्हणाल्या. "थे आता गाडीवर आहे."

"कोणत्या गाडीवर?"

"सकाई सात वाजता फाटकाशी उभा राय, दिसंल. अन् नुसता उभा नको राहू. या पंगतीतली केयीची उष्टी पानं असतीन, तेवढं टोपलं घेऊन ये."